अक्षरांतली ओल

तिरकी रेघ, नऊ, छोटा जे, पुन्हा तिरकी रेघ.

एक्केचाळीस मजकूर, आणि सगळ्यांची सुरुवात हीच! हे ध्यानात आलं तेव्हा मी भर वर्गात "वृंदे!" अशी काही किंचाळले की तोरसकर बाईंच्या हातातला खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

"शमिका गुरव," बाई म्हणाल्या, "साप दिसला असेल तरच ओरडायचं, असं ठरलंय ना आपलं?"

"बाई, सापापेक्षा भारी!"

वृंदा धुरी माझ्या शेजारीच बसते, त्यामुळे ओरडायची खरं तर गरज नव्हती. पण सोमवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, आज बुधवार, आणि आमच्या प्रकल्पात अजून नाव सोडून काहीच नव्हतं. नाव होतं 'राईचा करार काय लिहितो?' काय लिहितो ते आम्हालाही माहीत नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं.

राई म्हणजे आमच्या गावची, खोलवड्याची देवराई. सातेरी देवीचं देऊळ, त्याच्यामागे शंभर-दीडशे जुनी झाडं, मधोमध झऱ्याचं कुंड. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३८ साली, सगळ्या देवराया स्मार्ट कॉन्ट्रॅक्टखाली घ्यायचं ठरलं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे असा करार, जो कागदावर नसून प्रोग्राममध्ये असतो आणि एकाच वेळी जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेला असतो. अट पुरी झाली की तो स्वतःच काम करतो. कुणाची सही नको, कुणाची मर्जी नको. आणि एकदा लिहिलेलं सरपंचालाही पुसता येत नाही, मंत्र्यालाही नाही.

आमच्या करारात एकच काम होतं: कुंडाची झडप. झडप उघडली की पाणी पंपाने वर सडावाडीला चढतं. वृंदा तिथली. सडा म्हणजे नुसता कातळ, तिथे विहीर लागत नाही. आम्ही खालचे, देऊळवाडीचे. आमच्या विहिरी त्याच झऱ्याच्या पाण्यावर भरतात.

झडप कधी उघडायची? त्यावर ग्रामसभेत भाई परबांनी पायरीवर काठी आपटली होती. भाई म्हणजे गावचे मुख्य मानकरी. "राईतला पान हलवूचा तरी देवीक विचारल्याशिवाय नाय!"

म्हणजे कौल. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरव म्हणजे माझे बाबा, सहदेव गुरव.

करार बसवायला आलेल्या इंजिनियर ताई म्हणाल्या, सोपं आहे, गाभाऱ्यात कॅमेरा लावू, कोणती पाकळी पडली ते करार स्वतः बघेल. झालं! सभा उठायच्या बेतात. आमच्या गाभाऱ्यात फोटो काढत नाहीत. लग्नातले फोटोवालेसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतात. तेव्हा ताईंनी स्क्रीन फिरवून दाखवली. "फोटो ठेवायचाच नाही. या करारात फक्त मजकूर मावतो. कॅमेरा बघणार, आणि ही अशी अक्षरं लिहिणार."

भाईंनी चष्मा चढवला. इंग्रजी छोटी-मोठी अक्षरं, मध्येच आकडे, ओळीमागून ओळी. "ह्या वाचूक कोणाक येता?"

"कुणालाच नाही."

"मगे चलात. अक्षरा होयी तितकी ठेवा. फोटो नको."

बाबांनीही मान हलवली होती. मी तेव्हा सहावीत होते, मी पण हलवली.

आता तीन वर्षांनी आम्ही एक्केचाळीस कौलांची ती अक्षरं शाळेच्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, उतरवून घेतली होती. ती सगळ्यांना खुलीच असतात. आणि बाईंच्या पुस्तकात होतं की चित्रांच्या एका नेहमीच्या प्रकाराची फाईल अक्षरांत घातली की ती बरोबर याच चार खुणांनी सुरू होते. तिरकी रेघ, नऊ, छोटा जे, तिरकी रेघ!

"म्हणजे ही अक्षरं नाहीतच गो," मी वृंदाला सांगितलं. "ह्यो फोटो आसा!"

कसं ते सांगते, फार सोपं आहे. संगणकासाठी फोटो म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक माळ. ज्या करारात फक्त मजकूर मावतो तिथे ती माळ तशीच कोंबता येत नाही. मग तिचे सहा-सहा मण्यांचे तुकडे करायचे. सहा मण्यांत शून्य-एक चौसष्ट तऱ्हांनी बसतात. मोठी अक्षरं सव्वीस, छोटी सव्वीस, आकडे दहा, वर दोन चिन्हं, झाली चौसष्ट. प्रत्येक तऱ्हेला एक अक्षर. माळ पाऊणपट जागेत मावणार होती तिला पूर्ण जागा लागते, एवढाच तोटा. पण यात कुलूप कुठेच नाही, किल्ली कुठेच नाही. चौसष्ट अक्षरांचा तक्ता नववीच्या पुस्तकात छापलेला आहे. तक्ता उलटा लावायचा की अक्षरांचे मणी, मण्यांचा फोटो. ताई बोलल्या ते खोटं नव्हतं, कुणालाच नुसतं वाचता येत नाही. पण वाचता न येणं आणि लपलेलं असणं यात फरक आहे, आणि तो फरक अख्ख्या खोलवड्यात कुणी विचारला नव्हता.

मी बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. वृंदाने बटण दाबलं. पाटीवर वरून खाली हळूहळू चित्र उतरलं: काळा पाषाण. तेल. दोन पिवळ्या पाकळ्या.

बाईंनी झटकन पाटी पालथी घातली.

"अगं, हा गाभारा!"

बाहेर पोरांची कबड्डी चालली होती.

"बाई, ह्याच मजकुरात पुढे आणखीय फोटो आसत," वृंदा हळूच म्हणाली. "लावल्यापासून पडेपर्यंत. सगळे जोडले तर पिक्चर होईल."

"शमिका," बाई म्हणाल्या, "आधी घरी विचारून ये. सोमवारी हे मांडायचं की नाही, ते त्यानंतर."

मला हो म्हणायलाही धीर नव्हता. एवढं मोठं मला कधीच काही सापडलं नव्हतं!

पण घरी विचारायच्या आधी मी सगळे एक्केचाळीस उलगडले. राहवतंय कुणाला! बाबा देवळात, आई काजूच्या बागेत, मी पडवीत पाटी घेऊन. पाय एका जागी ठरत नव्हते म्हणून उभ्यानेच बघत होते. पहिला कौल, दुसरा, सातवा. पालखी कोणत्या वाटेने, वादळात पडलेलं आईनाचं झाड उचलायचं का, सडावाडीला पाणी सोडायचं का. झडपेशी संबंध नसलेले कौलही कॅमेऱ्याने टिपले होते, आणि प्रश्नसुद्धा करारात लिहिलेले होते.

नवव्या कौलावर मी थांबले. मग परत पहिल्यावर गेले.

पाषाण काळा आहे, त्यामुळे ओला भाग जास्त काळा दिसतो. पहिल्या कौलात उजव्या पाकळीभोवती ओलीचा डाग हरभऱ्याएवढा होता आणि डावीभोवती सुपारीएवढा. कमी पाणी आधी सुकतं. उजवी पडली. दुसऱ्यात उलट, डावीकडे हरभरा. डावी पडली. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात... मी डाग मोजायला प्रोग्राम लावला. माणसाचा डोळा चुकतो म्हणून. मनातून मला तो चुकायलाच हवा होता.

एक्केचाळिसांपैकी अडतीस वेळा एका पाकळीला कमी पाणी होतं. आणि अडतीसच्या अडतीस वेळा तीच पडली होती.

तीनदा मात्र दोन्ही डाग सारखे. त्या तीन तारखा मला पाठ होत्या, कारण तिन्ही वेळा प्रश्न सडावाडीच्या पाण्याचा होता आणि तिन्ही वेळा पाणी मिळालं नव्हतं. त्यातल्या शेवटच्या उन्हाळ्यात वृंदा दीड महिना शाळेत आली नव्हती. ती आणि तिची आई खाली व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, पाणी नेत होत्या. एकदा ती कातळावर घसरली, तेव्हाचा वण अजून तिच्या हनुवटीवर आहे.

मी पाटी पालथी घातली. अगदी बाईंसारखी.

गुरुवारी सकाळी मी बाबांच्या मागोमाग राईत गेले. बाबा रोज पूजेआधी कुंडावर जातात. मला वाटायचं, आंघोळीला. ते कुंडात बांबूची काठी सोडून बघत होते. काठीवर खाचा होत्या.

"दोन खाचे उतारला," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला बघून, "तू गो कित्या? शाळा नाय?"

मी पाटी पुढे केली. "बाबा, ह्या... करारातला."

बाबांनी आधी नुसतं पाहिलं. मग पाषाण ओळखला. त्यांनी चपला काढल्या, कुंडात हात धुतले, मगच पाटी घेतली. मला तेव्हा रडूच यायला लागलं.

"सगळे दिसतत?"

"सगळे. एक्केचाळीस."

"कोणाकोणाक?"

"कोणाकय दिसतीत. जगात कोणाकय. आणि पुसाक येणत नाय."

त्यांनी एका डागावर बोट ठेवलं. आपण पकडले गेलो असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते बोटाने एकेक चित्र सरकवत होते. "हो... होय, ह्यो वादळातलो. ह्यो पालखीचो." जणू आल्बमच.

"बाबा, तुमी पाकळी पाडतास!"

"पाणी पाडता."

"पण पाणी कमी कोण लावता?"

ते काठीवरच्या खाचा चाचपत म्हणाले, "माझ्या बापाशीन माका पयल्या दिवशी सांगल्यान, हात खंय ओलो आणि खंय कोरडो ठेवूचो ता शिक. पाकळी लावूक कोणाकय येता. सकाळी हय येवचा, कुंड बघूचा, झाडा बघूची, गाव काय बोलता ता ऐकूचा. मगे बोट आपसूक ठरता. ताच देवीचा बोलणा."

"म्हणजे कौल तुमचोच ना!"

"माझ्या मनाचो असतो तर माका झोप लागली असती."

"मगे सरळ सांगा ना गावाक! कुंडात पाणी कमी आसा, सोडूक जमणत नाय, असा!"

"माणूस सांगता तेव्हा माणसा भांडतत, बाय. देवी सांगता तेव्हा गपचूप घराक जातत."

मी पाटीवर ती तीन चित्रं काढली. मी विचारलं, "आणि हे तीन? सारखे?"

बाबांनी पाटी परत दिली. "तेव्हा माका कळलाच नाय. काठी धड हय नाय, धड थंय नाय. देवीवर सोडलंय. खरोखरचो कौल तोच." मग म्हणाले, "तिसऱ्या वेळेक तर पाकळी पडलीच नाय. पूर्वी पडली नाय तर दुसऱ्या दिवशी परत विचारूचा. मी विचारतलंय होतंय. पण तुमच्या करारान झडप बंद करून टाकल्यान. तेका होय आणि नाय, दोनच कळतत."

रविवारी परत कौल होता. पावसापर्यंत सडावाडीला रोज दोन तास पाणी सोडायचं का? उजवा पडला की झडप जूनपर्यंत रोज उघडणार, मग ती कुणालाच थांबवता येणार नव्हती.

"आणि रविवारी बोट काय म्हणता?" मी विचारलं.

बाबांनी काठी उचलून झाडाला टेकवली. "दोन खाचे उतारला, तुका सांगलंय. एप्रिलात कुंड सुकला तर दोनव वाडये मेले."

म्हणजे डावा.

शाळेत जाताना मी एक गोष्ट ठरवली, आणि ती मला इथे लिहायला आवडत नाहीये. मी प्रोग्रामात तेरावी ओळ घातली. त्या ओळीने चित्र जरासं गुळगुळीत व्हायचं. पाषाण दिसायचा, पाकळ्या दिसायच्या, ओलीचे डाग तेवढे काळ्यात काळे होऊन जायचे. कुणाला काही कळणार नाही. बाबा राहतील, कुंड राहील, आमचा पिक्चर राहील, कदाचित बक्षीसही. वृंदाला कौल डावाच मिळेल, पण तो तसाही मिळणारच होता ना? असं मी स्वतःला सांगत होते आणि स्वतःलाच पटत नव्हतं. दिवसभर बाकावर बसून पाय हलवत होते. बाईंनी दोनदा विचारलं, मुंग्या आल्यात का.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत वृंदाला नवा पिक्चर दाखवला. तिने तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, "डाग खंय गेले?"

"कसले डाग?"

"शमे." तिने डबा बंद केला. "मी तुझो प्रोग्राम बुधवारीच घराक नेलंय. माकाय बारा ओळी वाचूक येतत."

माझे कान तापले. "म्हणजे तुका..."

"माका बुधवारपासून म्हायत आसा. मी गप ऱ्हवलंय. म्हटला, बघूया, शमी सांगता काय."

"मी सांगतलंच होतंय..."

"तेराव्या ओळीत?"

तिला ओरडायचा हक्क होता, पण ती ओरडली नाही. मला ते जास्त लागलं.

"वृंदे, बाबा फसवणत नाय गो! ते रोज कुंड मोजतत. पाणी खरोखर कमी आसा. दिला तर एप्रिलात सगळाच सुकात."

"माका ताच विचारूचा आसा." तिने हनुवटी पुढे केली, वणासकट. "एक्केचाळीस कौलांत आमच्या पाण्याचे किती?"

"सोळा."

"आणि देऊळवाडीच्या विहिरींवरच्या मोटारींचे?"

मी पाटीवर प्रश्नांची यादी चाळली. एकही नव्हता.

"बारा मोटारी, रोज सकाळ-संध्याकाळ. माडाक पाणी, सुपारीक पाणी, भाई परबाच्या जीपगाडयेक पाणी. झर एकच ना? मगे त्या बंद करू काय, असा कधी देवीक विचारलास? बोट कोरडा करूचा तर आधी प्रश्न तरी धड घालूचो!" ती उठली. "मी सोमवारी माझो पिक्चर लावतलंय. डागांवालो. तू येवचा तर ये."

तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. मी पाटी उघडली आणि तेरावी ओळ खोडली. खोडून काही बरं वाटलं नाही.

घरी गेले ती पळतच. बाबा पडवीत पत्रावळी लावत होते. मी दप्तरही उतरवलं नाही.

"बाबा, वृंदाक सगळा म्हायत आसा. सोमवारी ती तालुक्यात दाखवतली. मीव तिच्यावांगडा दाखवतलंय."

आई आतून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. "काय म्हणतंस? बापाशीचा नाव घालवतलंस?"

"नाव त्या अक्षरांत कधीच गेला, आये! आज नाय तर उद्या कोणतरी उलगडतलो. परको उलगडीत त्यापेक्षा..." मला दम लागला होता. "बाबा, रविवारी तुमीच सांगा. सोमवारच्या आधी. आणि एक विचारू? सोळा वेळा सडावाडीक पाणी सोडू काय म्हणान विचारलास. आपल्या मोटारी बंद करू काय, असा एकदाव कित्या नाय?"

बाबांनी हातातलं पान खाली ठेवलं. आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"माका सुचलाच नाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कुंडावर होता त्यापेक्षा लहान होता. "गाव काय बोलता ता ऐकतंय, म्हणतंय. पण सकाळचा गाव म्हणजे ह्याच वाडयेतला. सड्यावर मी चढतंय कधी? जत्रेक."

शनिवारभर ते घरात नव्हते. सकाळी काठी घेऊन बाहेर पडले आणि दोन वेळा माझी पाटी मागायला तेवढे आले. आम्ही मिळून बारा मोटारी, त्यांचे तास, कुंडाच्या खाचा असं सगळं मांडलं. मोटारी एक दिवसाआड चालवल्या तर सडावाडीला दोन तास देऊनही कुंड जूनपर्यंत पुरत होतं. जेमतेम.

"जेमतेम म्हणजे बरोबर, बाबा?"

"जेमतेम म्हणजे जेमतेम," बाबा म्हणाले.

रविवारी दहा वाजता देऊळ भरलं. उजवीकडे आमची वाडी, डावीकडे सडावाडी. असं कुणी बसवत नाही, आपोआप बसतात. वृंदा तिच्या आईजवळ होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

बाबांनी तबकातून पाकळ्या उचलल्या. मग पाषाणाकडे न वळता लोकांकडे वळले आणि बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"ह्या बोटाक पाणी जास्त लागला तर पाकळी ऱ्हवता. कमी लागला तर पडता. तीस वर्सा मी ह्या बोटान कौल लावतंय. कुंड बघून लावतंय, पण लावतंय मी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग भाई परब उभे राहिले. "सहदेवा! काय बरळतंस? देवीसमोर!"

"देवीसमोरच, भाई. तिका तर म्हायतच आसा. तुमका सांगूचा ऱ्हवला होता."

सडावाडीकडून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे आमचा पाणी तूच तोडलंस?" आमच्या बाजूनेही आवाज चढले. बाबा थांबले नाहीत. त्यांनी डावी पाकळी भरपूर पाण्याने चिकटवली. मग बोट धोतराला पुसलं आणि उजवी नुसत्या टोकाने लावली.

"उजवी कोरडी लावलंय. सगळ्यांदेखत. वारो आसा, धा मिनटांत पडतली, आणि करार झडप उघडतलो. मगे कोणाच्यान थांबणत नाय. त्याच्या आधी देऊळवाडयेन एक गोष्ट कबूल करूची. मोटारी दिवसाआड. नायतर एप्रिलात कुंड सुकतला, आणि दोनव वाडये बोंबलत ऱ्हवतले." त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाण्याचा सूर लावला. "गे आई सातेरी, आज तुझी लेकरा एकमेकांच्या तोंडाकडे बघतत. आमच्या वाडयेन आपलो हात आवरूचो, आणि सड्यावरच्या पोरांका पाणी जावचा, अशी बुद्धी दी गे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. नेहमी देऊळ दणाणतं.

कुणीच बोललं नाही.

मी पाकळीकडे बघत होते. तिच्या कडेची ओल आत सरकत होती. हरभरा, मग मूग. आमच्या बाजूचे पुरुष जमिनीकडे बघत होते. प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या सुपाऱ्या दिसत होत्या मला, खरंच! दोन मिनिटं. तीन. पाकळीचं टोक सुटून हलायला लागलं. गाऱ्हाण्याला बायका उत्तर देत नाहीत, पोरी तर नाहीच नाही. पण मला बसवेचना.

"व्हय म्हाराजा!"

आवाज माझाच होता. चिरका, आणि घुमटात नको इतका घुमला. सगळी डोकी वळली. भाई परब म्हणाले, "गप बस गो!"

"व्हय म्हाराजा," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. आई. मान खाली घालून, पण स्पष्ट. तिने हातही वर केला. मग आमच्या शेजारचे दत्ताकाका. मग शाळेचे शिपाई. मग दोघं-तिघं एकदम. मी मोजत होते. बारा मोटारींपैकी पाच, सहा, सात...

पाकळी पडली.

बाहेर राईत 'खट्ट' आवाज झाला आणि पंप घुमायला लागला. कराराने हात मोजले नव्हते. त्याला हात माहीतच नव्हते. त्याने पाकळी बघितली, आपली अक्षरं लिहिली आणि झडप उघडली. मोटारींची गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. ती आता फक्त बारा घरांच्या मनावर होती, आणि त्यातले पाच हात वर आलेच नव्हते. भाईंचा तर नाहीच.

नंतर मानकरी अर्धा तास देवळाच्या मागे बसले. भाईंनी येऊन बाबांच्या हातातलं तबक काढून घेतलं. पुढच्या जत्रेपर्यंत सहदेव गुरवाने कौल लावायचा नाही, त्याचा चुलतभाऊ लावेल. बाबांनी तबक दिलं. मग ते पायरीवर बसले आणि बोट बघत राहिले. मी शेजारी जाऊन बसले.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"होय," बाबा म्हणाले. आणि मग, "उद्या प्रदर्शनात देवीचो फोटो नको. ओल तेवढी दाखवा. ती माझी आसा."

वृंदा देवळाच्या कोपऱ्यावर उभी होती. तिने ऐकलं असावं. "फक्त डाग कापून घेवक येतीत," ती लांबूनच म्हणाली. "पण ता तू करूचा. माझ्या हातान फोटोतलो पाषाण कापलो तर आये माका घरात घेवची नाय." मग जाता जाता, "सकाळी साडेसातची बस. उशीर केलंस तर मी थांबूची नाय हां!"

सोमवार, मोटारी बंद ठेवायचा पहिला दिवस. मी सहा वाजताच उठले. बस साडेसातला, पण घरात थांबवेना. खांद्याला दप्तर, हातात प्रकल्पाचा पुठ्ठा घेऊन मी अख्खी देऊळवाडी पालथी घातली. प्रत्येक कुंपणाशी थांबायचं, कान द्यायचा, पुढे जायचं. दत्ताकाकांकडे शांत. शिपायांकडे शांत. हात वर न केलेल्या एका घरात मोटर चालू होती. मला तिथेच दगड मारावासा वाटला, मारला नाही. दुसऱ्या घरी बंद. तिसऱ्या घरीही बंद!

शेवटचं घर भाई परबांचं. गावातली सगळ्यात मोठी बाग, सगळ्यात मोठी मोटर. मी फाटकाबाहेर कान देऊन उभी राहिले. आतून आवाज येत होता. घर्र, घर्र. मोटरच! मग वाटलं, मोटर अशी अडखळत नाही. फाटकावरून वाकून बघितलं.

रहाट होता. मला आठवतंय तेव्हापासून त्यावर घोसाळ्याचा वेल चढलेला असायचा. तो वेल तोडून बाजूला टाकला होता आणि भाई उघड्या अंगाने दोर ओढत होते. सत्तर वर्षांचा माणूस, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.

"कान लावन काय उभी ऱ्हवलंस?" ते न वळताच ओरडले. "नाय लावलंय मोटर! जा, सांग तुझ्या बापाशीक!"

"भाईनू, पण तुमी काल हात वर..."

"हात वर नाय केलंय. कोणी पोर मधीच ओरडता म्हणान भाई परब हात वर करणत नाय." बादली वर आली, त्यांनी ती सुपारीच्या आळ्यात ओतली. निम्मं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. "तुमच्या कॅमेऱ्याक काय दिसला, काय नाय, ता तुमी बघा. थंय गाभाऱ्यात जी बसलीहा, तिका सगळा दिसता. माका तिका तोंड दाखवूचा आसा."

दोर पुन्हा खाली गेला. आळी अजून चाळीसएक बाकी होती.

मी पुठ्ठा फाटकाला टेकवून ठेवला, दप्तर उतरवलं आणि दोराला हात घातला.

"बस चुकतली तुझी," भाई म्हणाले.

"चार बादल्यो काढून जातंय."

"मगे ओढ ना! नुसतो धरून काय ऱ्हवलंस?"

चार म्हटल्या होत्या, अकरा काढल्या. बस सुटायची वेळ होऊन गेली होती, पण वृंदा बसच्या दारात एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून कंडक्टरशी भांडत उभी होती.